पाटकरी : पांझरेकाठच्या एका कामाचा इतिहास

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्यावे, असा मंडळाच्या चिटणिसांचा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात भामेरचा किल्ला आला. साक्री तालुक्यात राहून इतिहास लिहावयाचा म्हणजे भामेर, नाही तर बळसाण्याची जुनी देवळे. ही वाट मळलेली आहे आणि माझ्याहून अधिकारी पुरुषांनी ती मळली आहे. परंतु त्याच सुमारास वधूवर परिचय मेळाव्याचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. अर्ज चाळताना ‘व्यवसाय’ या रकान्याकडे माझे लक्ष वारंवार जाऊ लागले. ज्या मुलाला मी स्वतः थापी आणि ओळंबा घेऊन भिंत उभारताना पाहिले आहे, त्याने ‘कॉन्ट्रॅक्टर’ असे लिहिले होते. बिघडलेल्या मोटारपंपाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा एक मुलगा ‘खाजगी कंपनीत नोकरी’ असे लिहून मोकळा झाला होता. एका अर्जात तर तो रकाना कोराच होता. चौकशी करता कळले की मुलगा घरच्या अडीच एकरांत राबतो; ‘शेती’ असे लिहिले की अर्ज वाचलाही जात नाही, म्हणून वडिलांनी तो रकाना भरू दिला नाही.

त्या कोऱ्या रकान्यापुढे भामेर मागे पडला. हाताने करावयाचे काम मनुष्याला केव्हा सोसवते, केव्हा त्यात त्याचे मन रमते आणि केव्हा त्याचे नावही सांगण्याची त्याला लाज वाटू लागते, या प्रश्नाचे काही उत्तर आपल्या तालुक्याच्या इतिहासात सापडते का, असे मी शोधू लागलो. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणत असू, ते आयुष्यभर फडावर पाटकरी होते.

आजच्या तरुण वाचकांस ‘फड’ म्हटले की तमाशाचा किंवा कुस्तीचा आठवतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पांझरा नदी पिंपळनेरच्या बाजूस सह्याद्रीच्या रांगेत उगम पावते, साक्री तालुक्यातून पूर्वेकडे वाहत धुळे शहरावरून जाते आणि पुढे उत्तरेस वळून मुडावद येथे तापीला मिळते. तिच्या आणि कान, जामखेली यांसारख्या तिच्या सोबतिणींच्या पात्रांत आपल्या पूर्वजांनी ठिकठिकाणी दगडी बंधारे घातले. बंधाऱ्याने पाणी अडवावयाचे ते साठवण्यासाठी नव्हे, तर वळवण्यासाठी. वळवलेले पाणी कालव्यात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पाटात, घ्यावयाचे. पाटातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत आणि तेथून शेतात. जादा झालेले पाणी सांडमांतून पुन्हा बाहेर काढून द्यावयाचे. असे कालवे २ किलोमीटरपासून १२ किलोमीटरपर्यंत लांब असत आणि त्यांची वाहण्याची शक्ती सेकंदाला सुमारे ४५० लिटर असे. एवढ्या लांबीचा पाट केवळ जमिनीचा उतार साधून, दुर्बिणीवाचून आणि नकाशावाचून नेलेला पाहिला की आजचा इंजिनिअरही क्षणभर थबकतो.

या पाटाखालची जी हक्काची भिजणारी जमीन, तिला कायम बागायत म्हणत. तिचे बहुधा चार भाग पाडलेले असत. त्यांतील प्रत्येक भाग हा एक फड. एक फड १० हेक्टरांचाही असे आणि २०० हेक्टरांचाही. सरासरी १०० ते १२५ हेक्टर. एका फडात एकच पीक. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही. पुढील वर्षी पिके फिरत आणि पाणी कमी दिसले की एखादा फड सर्वांच्या संमतीने कोरडा सोडला जाई. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे टंचाई आली तर ती एकट्यादुकट्याच्या माथी न येता साऱ्या गावात वाटली जाई. अर्थशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ न वाचता हे कोणाला सुचले असेल, कोण जाणे. अभ्यासकांच्या मते ही पद्धत तीनचारशे वर्षांची तरी असावी. गावोगावची वृद्ध मंडळी ती फारुकी राजवटीपर्यंत मागे नेतात. अकबराने १६०१ साली असीरगड घेऊन फारुकींचे राज्य संपवले, हे लक्षात घेता ही लोकपरंपरा अगदीच निराधार म्हणता येत नाही. पुढे १८०२ मधील होळकरी फौजांची लूट आणि लागोपाठ आलेला दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला, १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला. राज्ये अशी येत गेली आणि जात राहिली, तरी ही रीत काही सुटली नाही.

बंधारा, पाट आणि फड यांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. फडाची पद्धत पाहावयास परप्रांतातील आणि परदेशांतील विद्वान येऊन गेले. परंतु त्यांच्या लेखनात पाणी जितके वाहते, तितकी माणसे दिसत नाहीत. फडावर कामाची माणसे नेमलेली असत. पाटकरी हा पाटावरचा माणूस. कोणत्या चारीस पाणी केव्हा सोडावयाचे आणि केव्हा बंद करावयाचे, हे त्याच्या हाती. हवालदार देखरेखीस. जागल्या पिकाच्या आणि पाटाच्या राखणीस. आणि बारेकरी प्रत्यक्ष शेतात बारे देणारा, म्हणजे वाफ्यावाफ्यातून पाणी फिरवणारा. या सर्वांवर फडाचे पंच. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, शेताच्या मालकाने स्वतः पाणी घ्यावयाचे नाही, असा दंडक होता. शेत कितीही मोठ्या माणसाचे असो, त्याने आपल्या हाताने चारी फोडावयाची नाही. पाणी फडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने जाईल आणि ते नेणारा बारेकरीच नेईल.

या दंडकात पाटकऱ्याच्या समाधानाचे मूळ होते, असे मला वाटते. माझ्या लहानपणी मी एकदा आप्पांबरोबर पाटावर गेलो होतो. थंडीचे दिवस, पहाटेची वेळ. गावातले एक वजनदार गृहस्थ चारीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि पाणी आधी आपल्या गव्हाला मिळावे, असे सांगू लागले. आप्पा कंबरेइतक्या पाण्यात उभे होते. हातातले फावडे त्यांनी थांबवले नाही. नमस्कार केला आणि म्हणाले, “दादा, पंचांना विचारा. मी गडी पंचांचा.” गृहस्थ परत गेले. घरी येताना आप्पांनी या प्रसंगाचा उल्लेखही केला नाही. त्यांच्या लेखी तो प्रसंगच नव्हता. ज्याच्या घरी ते एरवी दाराबाहेर चपला काढून उभे राहत, त्यालाच पाटावर नाही म्हणण्याचा अधिकार त्यांना त्यांच्या कामाने दिला होता. आणि तो अधिकार त्यांचा व्यक्तिगत नव्हता, म्हणून त्यात उर्मटपणाही नव्हता.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. पूर्वी पाटकरी, जागल्या, बारेकरी यांना बहुतांशी धान्यरूपाने देणे दिले जाई. ते फडातल्या जमिनीच्या प्रमाणात आणि पीक निघाल्यावर. पीक बरे तर यांचेही बरे. रोकड नसल्याची अडचण होती, ती मी लपवून ठेवीत नाही. मोठ्या आईला मिठामिरचीसाठी शेजारी हात पसरावा लागे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्यात आपल्या पायांनी तुडवलेल्या पाटाचा भाग आहे, हे पाटकऱ्याला दिसत असे. पगाराच्या पाकिटात तसे दिसत नाही. आपण केलेल्या कामाचे फळ डोळ्यांसमोर पिकताना पाहणे, ही मजुरीहून वेगळी अशी एक मिळकत आहे आणि तिची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही.

तिसरी गोष्ट कसबाची; आणि येथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते. पाटकऱ्याचे काम म्हणजे चिखल उपसण्याचे अडाणी काम, अशी समजूत आढळते. आप्पांना अक्षरओळख बेताची होती. पण पाट कोठे पाझरतो आहे, हे ते रात्री कंदील न लावता सांगत. पाण्याच्या चालण्याचा आवाज बदलला की त्यांची झोप उघडे. खेकड्याने भरावात बीळ पाडले, तर आज बोटभर असलेली धार पहाटेपर्यंत भगदाड होते. म्हणून बीळ कोठे असेल, हे पाणी गढूळ झाले आहे की निवळ, यावरून ते ओळखीत. चारीचे तोंड बंद करण्यासाठी गवत, माती आणि दगड कोणत्या क्रमाने घालावे, काळी माती कोठे आणि मुरमाची कोठे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. कालव्यात उभे राहून, पिंढरीला पाणी कोठवर लागते, त्यावरून आज कोणती चारी पोसेल याचा ते अंदाज बांधीत, आणि तो क्वचितच चुके. कोणी विचारले तर म्हणत, “पानी सोताच सांगस, आपले फक्त ऐकनं शे.” त्या एका अहिराणी वाक्यात त्यांचे सारे शास्त्र होते.

श्रमाच्या प्रतिष्ठेवर आपल्या जिल्ह्यात थोर माणसे बोलून गेली आहेत. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. पण मला एक शंका नेहमी येते. श्रमाला प्रतिष्ठा आहे असे व्यासपीठावरून जितके अधिक सांगावे लागते, तितकी ती प्रत्यक्षात कमी झालेली असते. फडाच्या भरभराटीच्या काळी पाटकऱ्याला ती कोणी सांगितली नाही. पंच त्याला विचारून पाण्याचा क्रम ठरवीत. तेवढे पुरे होते.

एवढे वाचून, फड म्हणजे रामराज्य होते असा ग्रह कोणी करून घेऊ नये. आपल्या स्मरणिकांत पूर्वजांचे गुणगान करण्याची प्रथा आहे आणि ती मलाही प्रिय आहे. परंतु इतिहास लिहावयास बसल्यावर अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. पाटकऱ्याचे काम आपल्या घराण्यांकडे होते म्हणून आपण त्याचा अभिमान सांगतो. त्याच पाटावर रात्र जागून काढणारा जागल्या आपल्या ज्ञातीचा नव्हता. खानदेशात जागल्याचे काम बहुधा भिल्ल समाजाकडे असे. आणि ते त्याने निवडलेले नव्हते. तो जागल्याच्या घरी जन्मला म्हणून जागल्या झाला. आप्पा त्याच्याशी गोड बोलत, तमाखू देत. पण तमाखू वरून टाकीत, हातात देत नसत. दोघांची मेहनत सारखी, थंडी सारखी, सापाचे भय सारखे. एकाला कामात समाधान होते. दुसऱ्याला ते होते की नाही, हे विचारण्याचे आमच्यापैकी कोणाच्या मनात कधी आले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्याच्या एक वर्ष आधी जातिसंस्थेवरील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात त्यांनी असे दाखवून दिले होते की, जात ही कामांची नुसती वाटणी करीत नाही, तर कामकऱ्यांचीच विभागणी करून त्यांची उतरंड लावते आणि त्यात माणसाच्या आवडीला व योग्यतेला जागाच उरत नाही. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयकही त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात आणले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा अखेर मुंबई राज्यात १९५८ साली झाला. गावकामगारांच्या त्या बेड्या तुटल्या, हे योग्यच झाले. पाटकऱ्याच्या कामात जे चांगले होते ते जन्माने मिळालेले नव्हते, व्यवस्थेने दिलेले होते. आणि जे वाईट होते ते मात्र सारे जन्माच्या हिशेबातून आलेले होते. हा भेद आम्हांला फार उशिरा कळला.

आता थोडे आपल्या तालुक्यात येऊन गेलेल्या एका थोर पुरुषाविषयी. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाला. १९५५ साली ज्यांना भारतरत्न मिळाले, तेच हे विश्वेश्वरय्या. त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक काम आपल्या दातर्तीचे. धुळ्यापासून सुमारे ३५ मैलांवरील या गावी पांझरेच्या पाण्याचा पाट ओढ्याखालून नळांतून पलीकडे न्यावयाचा होता. पावसाळा तोंडावर आल्यामुळे काम पुढे ढकलण्याची परवानगी त्यांनी मागितली. वरिष्ठांकडून ठपका आला. तेव्हा पुराला तोंड देत त्यांनी ते काम तडीस नेले. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी जी गटवार पाणीवाटपाची पद्धत मांडली, तिच्यात एकेका गटास ठरावीक पाणी आणि पिकांची फेरपालट ही तत्त्वे होती. फडाशी असलेले तिचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. दातर्तीच्या पाटावर तरुण विश्वेश्वरय्यांनी जे पाहिले, त्याचा ठसा त्यांच्या मनावर उमटला असल्यास नवल नाही. त्या पुरात नळ बसवण्यासाठी पाण्यात उतरलेली माणसे याच काठावरची असणार. त्यांतील एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही.

फडाची पद्धत उतरणीस का लागली, याची कारणे अनेक. स्वातंत्र्यानंतरच्या काळात लाटीपाडा, मालनगाव, जामखेली अशी धरणे आपल्या तालुक्यात झाली. त्यांनी पुष्कळ नवी जमीन भिजवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वरच्या अंगास पाणी अडल्यावर खालच्या बंधाऱ्यांकडे येणारा नदीचा बारमाही झरा आटत गेला. वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याची विहीर त्याचे पाणी, असे झाल्यावर फडाच्या शिस्तीत राहण्याची गरज सधन खातेदारास वाटेना. फड मोडला तो पाण्यावाचून आणि माणसांवाचूनही. पाटकऱ्याचे देणे थकू लागले. ज्याला पाणी नको, तो पाटकऱ्याला धान्य कशाला देईल? आप्पांच्या अखेरच्या काही हंगामांत त्यांना खळ्याखळ्यांवर जाऊन मागावे लागे. पूर्वी जे हक्काने घरी येत असे, ते मागण्याची पाळी आली, तेव्हा त्यांचे काम तेच होते, पाट तोच होता. पण पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ‘हे काम पोरांनी करू नये’ असे शब्द मी ऐकले.

येथवर फडाची कथा झाली. पण हाताच्या कामाचा आपल्या तालुक्यातला इतिहास तेथे संपत नाही. त्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे आपल्या डोळ्यांसमोरून ट्रकांत बसून जाते. १९५० च्या दशकात बारडोलीला सहकारी साखर कारखाना निघाला आणि पाठोपाठ दक्षिण गुजरातेत असे अनेक कारखाने उभे राहिले. त्यांचा ऊस तोडण्यास डांगातून आणि खानदेशातून मजुरांच्या टोळ्या जाऊ लागल्या. साक्रीच्या पश्चिम भागातील भिल्ल आणि कोकणी कुटुंबे त्यांत मोठ्या संख्येने असतात. तेथे माणसांची मोजणी ‘कोयता’ या शब्दाने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि पुष्कळदा सोबतीस एखादे पोर. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. हंगामात पोटापुरती खावटी मिळते आणि हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा उचल, खावटी आणि तिचे व्याज वजा जाऊन हाती काय उरते, हे मुकादमाच्या वहीला ठाऊक. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या ऊसतोड्यांवर जे लिहिले आहे, ते वाचताना खानदेशी माणसाची मान खाली जाते.

आता विचार करण्यासारखे आहे ते हे. पाटकऱ्याच्या फडातही ऊसच होता. थंडीतली पहाट, पायाखालचा चिखल, उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, हे सारे दोन्हीकडे सारखेच. अंगमेहनत मोजावयाची झाली तर तोडणाऱ्याची अधिकच भरेल. कसबही तोडणाऱ्याकडे आहे. जमिनीलगत एका घावात कांडे तोडणे, पाचट झोडणे, मोळी बांधणे हे ज्याने केले आहे, त्यालाच त्यातली मेख कळेल. मग एक काम माणसाला उभे करते आणि दुसरे त्याला वाकवते, ते कशाने? तोडणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, कारण तो आधीच उचलीने बांधलेला आहे. ऊस कोणाचा आणि साखर कोणाची, हे त्याला दिसत नाही. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरावी लागते. आणि त्याचा सल्ला कोणी विचारीत नाही. आप्पांना लाभलेल्या सर्व गोष्टी येथे एकेक करून काढून घेतलेल्या आहेत. राहिली ती केवळ मेहनत.

या दोहोंच्या मध्ये कोठेतरी रोजगार हमीचे स्थान आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या तालुक्यातील जुन्या पिढीच्या बहुतेकांनी खडी फोडली आहे, मीही फोडली आहे. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली ही योजना पुढे १९७७ च्या कायद्याने पक्की झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर भत्ता. आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. भारतातच नव्हे तर जगात अशा हमीची उदाहरणे थोडी होती, आणि २००५ साली देशाने केलेल्या कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. त्या कामाने पुष्कळांचे प्राण वाचले. बाईच्या हाती तिच्या नावाची मजुरी आली, हीदेखील लहान गोष्ट नव्हे. पण खडीच्या ढिगावर बसून आम्ही जी खडी फोडली ती कोणत्या रस्त्यावर गेली, हे आम्हांला कधी कळले नाही. काही ढीग तर पुढची कित्येक वर्षे तेथेच पडून होते, त्यांवर गवत उगवले. पोट भरले, त्याबद्दल कृतज्ञता आहे. त्या कामाची आठवण मात्र कोणी नातवंडांना रंगवून सांगत नाही. याउलट पाझर तलावाच्या भरावावर ज्यांनी माती टाकली, ती माणसे आजही तलावाशेजारून जाताना ‘हा आमच्या हातचा’ म्हणून दाखवतात. मजुरीचा दर दोघांचा जवळजवळ एकच होता.

मंडळाकडे सल्ला मागण्यास येणाऱ्या तरुणांना मी अलीकडे पगाराचा आकडा विचारण्याआधी दोनतीन भलतेच प्रश्न विचारतो, म्हणून काही पालक माझ्यावर नाराज आहेत. तुझे काम चुकले तर ते तुला स्वतःला कळते का? वरिष्ठाने चुकीचे करावयास सांगितले तर तुला नाही म्हणता येते का? केलेले काम वर्षभराने जाऊन पाहता येते का? मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या त्या मुलाने तिन्ही प्रश्नांना हसत ‘हो’ म्हटले. मोठ्या शहरात एका कारखान्यात कंत्राटी कामगार असलेल्या आणि अर्जात कारखान्याचे नाव ठळक अक्षरांत लिहिणाऱ्या दुसऱ्या मुलाला उत्तर देता आले नाही. तो पुष्कळ वेळ खाली पाहत होता. त्याला हे प्रश्न विचारल्याचे मला नंतर वाईट वाटले. पोटापुढे प्रत्येकाला निवड करता येतेच असे नाही, हे माझ्यासारख्या पेन्शन खाणाऱ्याने विसरू नये.

महाराष्ट्राने २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला. पाणीवापर संस्थांनी स्वतः पाणी वाटावे, असा त्याचा आशय. फडाच्या काठावर वाढलेल्या माणसाला त्यात नवीन असे थोडेच वाटेल. मात्र या संस्थांविषयी जे लिहिले जाते, त्यात अध्यक्ष, संचालक, सभासद, मीटर यांचा ऊहापोह असतो. पाण्यात उतरणाऱ्या माणसाला काय द्यावयाचे, त्याला कोणी हुकूम करावयाचे आणि त्याने कोणाला नाही म्हणावयाचे, याचा एखादा परिच्छेद तरी असावा, अशी माझी इच्छा आहे. जुन्या पंचांनी तो प्रश्न आधी सोडवला होता आणि मग पाणी सोडले होते.

शेवटी एक विनंती. फडाच्या पंचांच्या हिशेबाच्या वह्या पूर्वी गावोगाव असत. कोणत्या फडास किती पाणी, कोणाकडून किती धान्य येणे, कोणास किती दिले, हे सारे त्यांत मोडीत आणि पुढे बाळबोधीत लिहिलेले असे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून जुनी कागदपत्रे जपण्याचे मोठे कार्य केले आहे. पण राजेरजवाड्यांची पत्रे ज्या आस्थेने लोक आणून देतात, त्या आस्थेने धान्याच्या वह्या आणून देत नाहीत. त्या रद्दीत जातात. आमच्या घरी अशी एक वही माळ्यावर सापडली. तीत आप्पांच्या नावापुढे अंगठे आहेत, जागल्याच्या नावापुढे नुसता ‘जागल्या’ असा शब्द आहे, नाव नाही. आणि आप्पा हिवतापाने अंथरुणाला खिळले होते त्या हंगामात ज्या मोठ्या आईने पंधरावीस रात्री फावडे घेऊन पाट राखला, तिचा तर उल्लेखच नाही. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी अशा वह्या, पावत्या किंवा पंचांचे कागद असतील, त्यांनी कृपा करून मंडळाच्या साक्री कार्यालयात कळवावे. मी स्वतः येऊन नक्कल करून घेईन. कागद जेथल्या तेथे परत करण्याची जबाबदारी माझी.